मागच्या सीटवरचा प्रवासी

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे मूळ घर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात आहे. लालबाग-परळ, गिरगावच्या चाळींतून ही मंडळी हळूहळू पश्चिम रेल्वेच्या या टोकाला सरकली. इथे फ्लॅट झाला, पुढे गाडीही आली, आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गावी जाण्याची रीत बदलली. कणकवली-कुडाळपर्यंतचे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. एरवी दहा-बारा तास, गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत किती ते विघ्नहर्त्यालाच ठाऊक. एवढा वेळ मुलांना गुंतवायचे कशात, हा प्रश्न निघण्याच्या आदल्या रात्री घरोघरी पडतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर चार्जरला लावून ठेवलेले असते. ज्यांना ते उत्तर पटत नाही ते आईबाप स्क्रीनशिवायच्या खेळांच्या याद्या जमवतात. दोन्ही गट एकमेकांना नावे ठेवतात, पण दोघांचे गृहीत एकच आहे: मूल म्हणजे रिझवून, गप्प करून, शाबूत गावी पोचवायची वस्तू. माझा आक्षेप या गृहीतावर आहे. मुलाला गाडीत करमणूक कमी पडत नाही, प्रवासातला वाटा कमी पडतो. तो वाटा दिला तर स्क्रीनचा प्रश्न बराचसा आपोआप लहान होतो, आणि दिला नाही तर पन्नास खेळांची यादीही पेणच्या पुढे पुरत नाही.

हा वाटा गेला कुठे, ते पाहिले पाहिजे. मुंबईहून कोकणात बोटी जात होत्या तेव्हा जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे एकेक करून येत. कोणत्या बंदरात पडाव बोटीला लागणार, कोणाचे गाठोडे कोणाकडे, याकडे घरातल्या लहानांनाही लक्ष ठेवावे लागे. एसटीत कंडक्टर होता, तिकिटाचे सुटे पैसे होते, स्टँडवर बस किती मिनिटे थांबणार याची धाकधूक होती. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून सगळ्या मार्गावर धावू लागली. तिथेही स्टेशनांची नावे वाचायला, बाटली भरून आणायला, जागा धरून ठेवायला माणसे लागतच. गाडीने ही सगळी कामे एका चालकाकडे दिली, आणि मग फोनने चालकाकडूनही काढून घेतली. रस्ता कोणाला विचारावा लागत नाही, कारण नकाशा बोलतो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून टोलनाक्यावर नोटा मोजून हात बाहेर काढणेही संपले. मागे बसलेल्या सात वर्षांच्या मुलाला आता करण्यासारखे अक्षरशः काही नाही. फ्लॅटच्या दारातून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून पार्किंगमध्ये, पार्किंगमधून गाडीत: त्याच्या लेखी गाडी म्हणजे चाके लावलेली घरातलीच खोली. घरात बसून जे केले असते तेच ते इथे मागते. यात त्याचा हट्ट कमी आणि तर्क जास्त आहे.

इथे कोणी म्हणेल की हा जुन्या दिवसांचा गोडवा आहे. तसा नाही. एसटीतून जाणारी मुले काही अखंड निसर्गनिरीक्षण करत नव्हती. ती ओकत होती, रडत होती, धपाटे खात होती, आणि खिडकीसाठी भावंडांशी मारामारी करत होती. त्या प्रवासात कष्ट होते आणि ते परत आणावेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण त्या कष्टांबरोबर प्रवासाची कामेही गेली, आणि कामे गेल्याची नोंद आपण घेतली नाही. सोय झाली एवढेच आपल्याला दिसले.

आता स्क्रीनबद्दल जे नक्की माहीत आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक बैठा स्क्रीनवेळ नको, त्याहून लहानांना तो नकोच, असे म्हटले आहे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांतही जवळजवळ हेच आहे. दोन वर्षांखालच्यांना फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलची सवलत. या आकड्यांना चिकटून कोणी कोकणात जात नाही, आणि वर्षातल्या दोन दिवसांनी कोणाचे मूल बिघडतही नाही. म्हणून हा मुद्दा मी फार ताणणार नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा पुरावा. अमेरिकेतल्या जेनी रडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची सव्वाचारशेच्या घरात मुले घेऊन केलेला अभ्यास २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. मूल चिडले की शांत करायला वारंवार फोन द्यायचा, असे ज्या घरांत चालत होते तिथल्या मुलांची, विशेषतः मुलग्यांची, भावनिक उसळी काही महिन्यांनी वाढलेली आढळली. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही; मुळात चिडक्या मुलालाच फोन जास्त मिळत असेल. तरी एवढे त्यातून समजते की फोन किती वेळ दिला यापेक्षा तो कोणत्या क्षणी दिला हे पाहायला हवे. किरकिर सुरू झाली की फोन, हा गाडीतला सर्वांत रुळलेला व्यवहार आहे. बारा तासांत मूल तो पाच-सहा वेळा शिकते.

शिवाय एक साधी शारीरिक गोष्ट आहे, जिच्यासाठी कोणत्याही संघटनेच्या सूचना लागत नाहीत. गाडी लागणे हा डोळे आणि आतला कान यांच्यातला विसंवाद असतो. कान सांगतो की शरीर डावीकडे झुकले, वेग कमी झाला, खड्ड्यात आपटले. मांडीवरच्या टॅबवर खिळलेले डोळे सांगतात की काहीच हलत नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो. कशेडीला आता बोगदा झाला आहे, पण परशुराम घाट, भोस्ते घाट, निवळीची वळणे आहेतच, आणि कित्येक वर्षे रखडलेल्या चौपदरीकरणातल्या डायव्हर्जनचे धक्के त्यावर. आलेपाकाची वडी तोंडात आणि कार्टून डोळ्यांसमोर असा उपचार करणाऱ्यांनी निदान वडी तरी वाया घालवू नये. समोर, दूरवर बाहेर पाहणे हा गाडी लागण्यावरचा जुना आणि खरा उपाय आहे. तो स्क्रीनच्या बरोबर उलट दिशेला आहे.

स्क्रीनविरोधकांकडून एक दावा मात्र फार सैल केला जातो, तो म्हणजे कंटाळ्यातून सर्जनशीलता उगवते. २०१४ साली ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग यासाठी सतत पुढे केला जातो. त्यात माणसांना टेलिफोन डिरेक्टरीतले आकडे उतरवून काढायला लावले आणि मग प्लास्टिकच्या पेल्यांचे उपयोग सुचवायला सांगितले. ती माणसे प्रौढ होती. वरसावे पुलाच्या अलीकडे तासभर अडकलेल्या, तहानलेल्या, पट्ट्याने बांधलेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्या प्रयोगाचा दिलासा देणे ही क्रूर थट्टा आहे. नुसता कंटाळा काही देत नाही. कंटाळा आला असताना हाताशी काहीतरी असावे लागते.

ते काहीतरी विकत आणायची गरज नाही, कारण राष्ट्रीय महामार्ग ६६ या बाबतीत विलक्षण श्रीमंत आहे. वसईहून निघताना पहिलीच मोठी गोष्ट लागते ती वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचा शेवट. वरसावे पुलावर पालघर जिल्हा संपतो आणि ठाणे सुरू होते. घोडबंदर रस्त्याला लागले की डाव्या हाताला तीच खाडी राहते आणि उजव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पनवेल सुटल्यावर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका. मग नद्या सुरू होतात: खारपाड्याला पाताळगंगा, पेणला भोगावती, पुढे अंबा, कोलाडला कुंडलिका, माणगावकडे काळ, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, नंतर बावनदी, काजळी, मुचकुंदी, राजापूरला अर्जुना, खारेपाटणला शुक, कणकवलीच्या दोन बाजूंना जानवली आणि गड. सगळ्या डावीकडच्या सह्याद्रीतून निघतात आणि उजवीकडच्या समुद्राला मिळतात. दक्षिणेकडे जाणाऱ्या मुलाला एवढे एक सूत्र सांगितले की प्रत्येक पुलावर पाणी कोणत्या बाजूला वाहते ते त्याला पाहण्याआधी सांगता येते, आणि खाडीच्या पुलावर भरतीच्या वेळी ते चुकतेही. ते चुकले की खरा प्रश्न विचारला जातो. सावित्री आणि कृष्णा दोघी महाबळेश्वरच्याच, पण एक इथे महाडला येते आणि दुसरी पार बंगालच्या उपसागराला जाते, हे आठ वर्षांच्या मुलाला आश्चर्याचे वाटते आणि वाटायलाच हवे. कोयनेचे पाणी वीज तयार करून झाल्यावर सह्याद्रीच्या पोटातून अलीकडे येते आणि वाशिष्ठीत सोडले जाते, हे तर मोठ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. थोड्या मोठ्या मुलाला सावित्रीवर हेही सांगता येईल की २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बस त्यात गेल्या, आणि आता आपण ज्याच्यावरून जातो तो पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला उभा राहिला. प्रवासाला रस्ते बांधणारी आणि रस्त्यावर जीव गमावणारी माणसे असतात, ही गोष्ट मुलांपासून लपवण्यासारखी नाही.

नद्यांखेरीज दगड बदलतो. महाडच्या अलीकडे डोंगर काळ्या कातळाचे. रत्नागिरीकडे जावे तसा तांबडा जांभा वर येतो, घरांच्या भिंती त्याच्याच चिऱ्यांच्या दिसू लागतात, रस्त्याकडेला काजू आणि आंबा वाढतो. गाड्यांच्या पाट्या बदलतात. एमएच ४८ आपली वसई-विरारची, ०४ ठाण्याची, ४३ वाशीची, ४६ पनवेलची, ०६ पेणची, ०८ रत्नागिरीची, ०७ सिंधुदुर्गाची. गणपतीच्या आधी दक्षिणेकडे कोणकोणत्या नंबरांच्या गाड्या चालल्या आहेत याची मोजणी केली तर मुंबईत कोकण कुठेकुठे पसरले आहे याचा कच्चा नकाशा मुलाच्या वहीत उतरतो. पिवळ्या डोक्याच्या दोन किलोमीटर-दगडांमध्ये एक मिनिट लागले तर वेग ताशी साठ, दीड मिनिट लागले तर चाळीस. हे त्रैराशिक शाळेत कंटाळवाणे वाटते आणि इथे बाबांचे स्पीडोमीटर तपासायला उपयोगी पडते. भेंड्या, गाव-नाव-फळ-फूल, कोडी हे सारे आहेच. त्यावर वेगळे लिहायला नको, ते प्रत्येक घराला येते आणि तास-दीड तास पुरते.

पण नुसती माहिती पुरवली तर गाडीचा वर्ग होतो, आणि सुट्टीतल्या मुलाला वर्ग हा टॅबपेक्षा वाईट. म्हणून वाटा हा शब्द मी कामाच्या अर्थाने वापरतो आहे. काम खरे हवे. मुलाकडून चूक झाली तर प्रवासावर तिचा परिणाम झाला पाहिजे, एवढे ते खरे हवे. कागदी नकाशा पाचवी-सहावीतल्या मुलीच्या हाती द्यावा आणि पुढचा थांबा कोलाडला घ्यायचा की माणगावला हे तिने ठरवावे. भूक आधी लागली तर सगळ्यांना लागेल. पेट्रोल, टोल, चहा-वडा यांचा हिशेब एकाने ठेवावा आणि गावी पोचल्यावर आजोबांना दाखवावा. खाऊचा डबा आणि पाणी धाकट्याच्या ताब्यात असावे, किती वेळा उघडायचे ते त्याने पाहावे. पाव विकणाऱ्याला, चहावाल्याला रस्ता विचारायला मुलाने खाली उतरावे. मुलांना खोटे काम लगेच कळते. तू गाडीचा कॅप्टन असे म्हणून काहीच न सोपवणाऱ्या बापाला ती दहा मिनिटांत सोडून देतात. आणि हे काम उड्या मारण्याचे नसावे: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बालआसन सक्तीचे केले, न बांधल्यास हजार रुपये दंड आहे. मागच्या काचेतून हात हलवणारी, सीटवर उभी राहिलेली मुले आपल्या सिनेमांत गोड दिसतात. करकचून ब्रेक लागल्यावर ती गोडी राहत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारले जाईल. उत्तर वसईच्या दिनक्रमात आहे. इथून चर्चगेटला लोकलने तास-सव्वा तास, शिवाय स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि गर्दीत सोडून दिलेल्या गाड्या. आईबापांपैकी एक जण तरी मूल उठण्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि ते पेंगुळल्यावर परततो. वर्षभरात सगळे घर जागेपणी, एकाच जागी, दहा तास सलग बसते ते बहुधा याच प्रवासात. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतील संशोधकांनी २०१८ साली चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा मोठ्यांशी त्याचे आलटून-पालटून बोलणे किती झाले, याचा मेंदूतल्या भाषेच्या केंद्राच्या कामाशी अधिक जवळचा संबंध आहे. असे बोलणे ठरवून होत नाही. ते मध्येच तुटलेल्या, परत सुरू झालेल्या, अर्ध्या झोपेतल्या गप्पांत होते, आणि त्याला लांबलचक, बिनमहत्त्वाचा वेळ लागतो. असा वेळ आपल्याकडे उरलेला नाही, आणि जो उरला आहे तो आपण मागच्या सीटवर तीन हेडफोन वाटून संपवतो. यात मुलांचा दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. चालकाशेजारी बसलेली व्यक्ती पनवेलपासून महाडपर्यंत फोनवर खाली मान घालून असेल तर मागच्यांना बाहेर बघा म्हणण्याचा अधिकार तिला नाही. मुलांसाठी नियम करायचा असेल तर तो पुढच्या सीटपासून सुरू व्हावा.

आक्षेप आहेत, आणि त्यांतला सर्वांत वजनदार सुरक्षिततेचा आहे. मागे मूल किंचाळत असताना घाटात गाडी चालवणे धोक्याचे आहे. अशा वेळी फोन देऊन शांतता विकत घेतली तर काय चुकले? काही चुकले नाही. चालकाचे लक्ष ही गाडीतली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे आणि तिच्यापुढे माझा सगळा युक्तिवाद दुय्यम. पण याच तर्काने अनेक घरे रात्री अकराला निघतात, म्हणजे मुले झोपतात आणि कटकट मिटते. तेव्हा मुलांच्या कंटाळ्याचे ओझे चालकाच्या झोपेवर टाकले जाते. पहाटे दोन ते पाच हे डुलकीचे सर्वांत वाईट तास, आणि नेमके तेव्हा आपण घाटात असतो. पहाटे पाचला पुरेशी झोप घेऊन निघावे आणि दुपारची किरकिर सोसावी, हा सौदा मला अधिक शहाणपणाचा वाटतो. दुसरा आक्षेप एकटीने मुलांना घेऊन जाणाऱ्या आईचा. चालवणार तीच आणि बोलणारही तीच. तिला गप्पांचे व्याख्यान देणे अन्यायाचे. तिने गोष्टी ऐकवाव्यात. ऐकण्याच्या गोष्टीत डोळे मोकळे राहतात, सगळे एकच ऐकतात आणि हसण्याच्या जागी एकत्र हसतात, म्हणून ती स्क्रीनच्या जातीची नाही असे माझे मत आहे. तिसरा, स्वमग्न किंवा संवेदनांचा त्रास होणाऱ्या मुलांचा. त्यांच्यासाठी ओळखीचा व्हिडिओ हा आधार असतो, कधी बोलण्याचे साधनच असते. त्या पालकांना शेजारच्या गाडीतल्या नजरांचा हिशेब देण्याची गरज नाही आणि या लेखाचाही नाही.

उरतो तो वाहतूक कोंडीचा आक्षेप, आणि तिथे मी निम्मा शरण आहे. गाडी हलतच नसेल तर नदी येत नाही, दगड येत नाही, निर्णय घ्यायला काही उरत नाही. माणगाव-इंदापूरच्या कोंडीत तिसऱ्या तासाला सगळ्यांनी मिळून एका पडद्यावर एक जुना मराठी चित्रपट पाहिला तर त्याला मी पराभव म्हणणार नाही. एकत्र पाहिलेल्या चित्रपटावर निदान भांडण तरी होते. मात्र तो कधी सुरू होईल आणि कधी संपेल हे आधी ठरलेले असावे, रडण्याच्या बदल्यात मिळालेले नसावे. रडेस्कींच्या अभ्यासातून व्यवहारात उतरवण्यासारखे एवढेच आहे, आणि ते पुष्कळ आहे.

कोंडीचा प्रश्न मात्र कुटुंबाच्या हातातला नाही. मुलांना दर दोन तासांनी पाय मोकळे करायला लागतात, सावली लागते, स्वच्छ शौचालय लागते. या रस्त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले, तेव्हा जन्मलेली मुले आता दहावी-बारावीच्या घरात आहेत, आणि अजूनही आई मुलीला घेऊन हॉटेलांच्या मागे जागा शोधते. गणपतीच्या दिवसांत महामार्गावर सुविधा केंद्रे उभी राहतात, टोलमाफीचे पास निघतात. विसर्जनानंतर ती केंद्रेही उठतात. ती बारा महिने ठेवावीत, शेजारी मुलांना धावता येईल एवढी कुंपण घातलेली जागा असावी, आणि प्रत्येक पुलावर नदीचे नाव, ती कुठून आली आणि कुठे जाते हे मराठीत, गाडीतून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावे. हजारो कोटींच्या कामात या पाट्यांचा खर्च नगण्य आहे. कोकणातल्या आमदार-खासदारांनी आणि मुंबई, ठाणे, वसई-विरारमधल्या चाकरमानी मंडळांनी पुढच्या गणपतीआधी एसटीच्या जादा गाड्यांबरोबर ही मागणीही लावून धरावी.